एफई-पीई परत देताना आधी रिपोर्ट वाचा
अमेरिकेत इंजिनिअरचा परवाना मिळवण्यासाठीच्या एफई (फंडामेंटल्स ऑफ इंजिनिअरिंग) किंवा पीई (प्रिन्सिपल्स अँड प्रॅक्टिस ऑफ इंजिनिअरिंग) परीक्षेत नापास झालात, तर नवीन पुस्तकं मागवण्याआधी या परीक्षा घेणाऱ्या एनसीईईएस संस्थेच्या वेबसाइटवरच्या तुमच्या खात्यातला डायग्नोस्टिक रिपोर्ट उघडा. कोणत्या विषयावर किती प्रश्न होते आणि पास झालेल्यांच्या सरासरीपेक्षा तुम्ही कुठे कमी पडलात, हे त्यात दिसतं. जिथे प्रश्नही जास्त आणि फरकही मोठा, तिथूनच सुरुवात करा. मोजक्या प्रश्नांच्या अवघड विषयाशी महिनोन्‌महिने झुंजू नका, खरंच. सराव मात्र खात्यातून मोफत मिळणाऱ्या रेफरन्स हँडबुकच्या पीडीएफमध्ये सूत्रं शोधतच करा. परीक्षेत स्क्रीनवर तेच हँडबुक असतं, आणि एफईच्या 110 प्रश्नांना 5 तास 20 मिनिटंच मिळतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत; एकही प्रश्न कोरा सोडू नका.