कागद किती जीर्ण झालाय, हे मोजायचं कसं?

कागद पिवळा पडला म्हणजे तो संपला, असं नसतं. कोल्हापुरात रुमालात बांधून ठेवलेले जुने मोडी कागद अजून लवचीक निघतात, आणि त्यांच्याहून शंभर वर्षांनी तरुण असलेलं छापील पुस्तक पान उलटताना तुटतं. मोडीचा हातकागद चिंध्यांचा. पुस्तकाचा कागद बहुधा लाकडाच्या लगद्याचा, त्यात राळ आणि तुरटीची खळ. तुरटीमुळे आम्ल तयार होतं, ते सेल्युलोजची, म्हणजे कागदाचे तंतू ज्याचे बनलेले असतात त्या द्रव्याची, साखळी तोडत जातं. म्हणून रंगापेक्षा आम्लता आणि घडी सोसण्याची ताकद मोजा.

आम्लतेसाठी कोऱ्या समासाचे एक ग्रॅम तुकडे लागतात. ८० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) ए-फोर कागद पाच ग्रॅमचा असतो, म्हणजे त्याचा पाचवा हिस्सा. ७० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये ते तासभर झाकून भिजवा, मग पीएच मीटर बुडवा. पीएच म्हणजे आम्लतेचा आकडा, तो जितका कमी तितकं आम्ल जास्त. मीटर आधी ४ आणि ७ च्या बफरवर, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणांवर, जुळवून घ्या. नळाचं पाणी वापरू नका. त्यातल्या बायकार्बोनेटमुळे आकडा वर सरकतो आणि आजारी कागद निरोगी दिसतो. उघड्यावर राहिलेलं डिस्टिल्ड वॉटर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून उलट आम्ल दाखवतं, तेव्हा ते उकळून, झाकून गार केलेलंच घ्या. पीएच ५ च्या खाली गेला तर काळजीचं आहे. आकडा एकने उतरला म्हणजे आम्लता दसपट झाली, हे विसरू नका.

घडीसाठी पानाचा कोपरा पुढे दुमडून बोटाने दाबा, मग तसाच मागे. ही एक दुहेरी घडी. प्रत्येक घडीनंतर अलगद ओढून बघा. चारच्या आत कोपरा सुटला तर पान ठिसूळ. दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांवर, उभ्या आणि आडव्या, दोन्ही दिशांनी करा, कारण कागदाच्या तंतूंना दिशा असते. मोडी कागदावर किंवा एकमेव प्रतीवर ही चाचणी कधीच नको, कोपरा गेला की गेला.

सगळ्यात मोठी फसगत आपल्या हवेची. जुलै-ऑगस्टमध्ये दमट कागद मऊ पडतो आणि मार्चमध्ये मोडणारं पान तेव्हा दुप्पट घड्या सोसतं. मोजणी दरवर्षी एकाच ऋतूत करा, पुस्तक आधी एक दिवस त्याच खोलीत उघडून ठेवा आणि हायग्रोमीटरचा (हवेतला दमटपणा मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा नोंदीत लिहा.

पंचगंगेच्या पुरात भिजलेली पुस्तकं वेगळी नोंदवा. पाण्याने आम्ल धुतलं जातं, गाळातले क्षार चढतात. त्यांचा पीएच बरा दिसला, तरी घडीची चाचणी करूनच निर्णय घ्या.