‘एलियनचं यान आलं’ हा दावा घरबसल्या कसा तपासायचा

सूर्यमालेबाहेरून आलेली एखादी वस्तू म्हणजे परग्रहवासीयांचं यान, असा व्हिडिओ जळगाव-धुळ्याच्या ग्रुपवर फिरू लागला की ‘काय भो, खरं आहे का हे?’ असा प्रश्न ग्रुपमधल्या एखाद्या विज्ञानवाल्याकडे हमखास येतो. ही पद्धत त्याच्यासाठी आहे. इंटरनेट असलेला मोबाईल, वर्गमूळ काढणारा कॅल्क्युलेटर आणि एक वही एवढं पुरतं. दुर्बीण असेल तर शेवटच्या भागात कामाला येईल. नसली तरी बरेचसे दावे वहीतच निकालात निघतात.

वस्तू नेमकी कोणती?

२०२५ अखेरपर्यंत अशा तीनच वस्तू पक्क्या नोंदल्या गेल्या. नावातला ‘आय’ म्हणजे इंटरस्टेलर, आंतरतारकीय; आकडा क्रमाचा. १आय/ओमुआमुआ १९ ऑक्टोबर २०१७ रोजी हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीला दिसली. २आय/बोरिसोव्ह ३० ऑगस्ट २०१९ रोजी क्रिमियात गेनादी बोरिसोव्ह यांनी स्वतः बनवलेल्या ६५ सेंमीच्या दुर्बिणीतून सापडली. ३आय/ॲटलस १ जुलै २०२५ रोजी चिलीतल्या ॲटलस दुर्बिणीनं टिपली.

पहिला घोळ इथेच होतो. ‘ॲटलस’ हे शोधमोहिमेचं नाव आहे, त्यामुळे त्या नावाचे धूमकेतू ढीगभर आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये तुकडे झाले ते सी/२०२५ के१ ॲटलसचे. तो आपल्याच सूर्यमालेतला. ३आयचं दुसरं नाव सी/२०२५ एन१ ॲटलस. दोन्ही एकाच हंगामातले, नावात एका अक्षराचा फरक, त्यामुळे एकाचे फोटो दुसऱ्याच्या नावावर सहज खपतात. फोटोखाली पूर्ण नाव आणि तारीख नसेल तर त्या फोटोवर पुढे वेळ घालवू नका.

कक्षेचे आकडे काढा आणि वेग मोजा

नासाच्या जेपीएल संस्थेच्या लहान खगोलीय वस्तूंच्या यादीत ‘३आय’ टाका. कक्षेच्या तक्त्यातून तीन आकडे वहीत उतरवा: विकेंद्रता (कक्षा किती लांबट ते सांगणारा आकडा, १ च्या वर गेला की वस्तू सूर्याकडे परत येत नाही; तिथे ‘ई’ अक्षर असतं), सूर्यापासूनचं किमान अंतर खगोलीय एककात, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या पटीत (‘क्यू’), आणि कक्षेचा कल (‘आय’; तो पुढे लागेल). मग हे करा: विकेंद्रतेतून १ वजा करा, बाकीला किमान अंतरानं भागा, वर्गमूळ काढा, २९.७८ नं गुणा. सूर्याच्या ओढीत येण्याआधी वस्तू किती वेगानं येत होती ते सेकंदाला किलोमीटरमध्ये मिळतं.

ओमुआमुआची विकेंद्रता १.२०१ आणि अंतर ०.२५६, उत्तर सुमारे २६. बोरिसोव्हची ३.३५६ आणि २.००७, उत्तर ३२. ३आयची ६.१४ आणि १.३५६, उत्तर ५८. तुमचं उत्तर असं जुळलं की समजा आकडे नीट उतरवले आहेत.

विकेंद्रता १ पेक्षा जास्त दिसली म्हणून वस्तू लगेच बाहेरची ठरत नाही. सी/१९८० ई१ बोवेल हा धूमकेतू आपल्याच घरचा, पण गुरूजवळून जाताना त्याला असा हिसका बसला की विकेंद्रता १.०५७ झाली आणि तो सूर्यमालेबाहेर निघाला. १ च्या किंचितच वरचा आकडा असेल तर आधी गुरूवर संशय घ्यायचा. शोध लागल्यावर पहिल्या दोन-तीन रात्रींचे आकडेही कच्चे असतात. आकड्याशेजारी छापलेली अनिश्चितता बघा आणि निरीक्षणं किती दिवसांची आहेत ते बघा.

एवढ्यानं वस्तू बाहेरची आहे एवढंच कळतं. ती बनवलेली आहे की नाही, हा प्रश्न तसाच राहतो. गंमत म्हणजे आकाशात खरोखर बनवलेल्या वस्तू सापडल्या त्या बहुतेक नेमक्या उलट्या वळणाच्या होत्या: पृथ्वीसारखी कक्षा आणि पृथ्वीच्या मानानं मंद गती.

बनवलेली वस्तू ओळखतात कशी

हा भाग नीट वाचा, कारण दावा करणारे इथवर क्वचितच येतात. माणसानं बनवलेली यंत्रं ‘लघुग्रह’ म्हणून सापडल्याची आणि मग ओळखली गेल्याची उदाहरणं आहेत. २००२ साली सापडलेली जे००२ई३ ही अपोलो १२ च्या रॉकेटचा तिसरा टप्पा ठरली. तिच्या वर्णपटात, म्हणजे रंगांत विभागलेल्या प्रकाशात, टायटॅनियम डायऑक्साइडच्या पांढऱ्या रंगाची खूण होती. २०२० एसओ ही १९६६ च्या सर्व्हेयर २ मोहिमेचा सेंटॉर टप्पा निघाली. सूर्यप्रकाशाच्या दाबानं ती दगडाला न शोभेल इतकी ढकलली जात होती आणि तिचा वर्णपट स्टेनलेस स्टीलशी जुळला. जानेवारी २०२५ मध्ये २०१८ सीएन४१ या नावानं जाहीर झालेला लघुग्रह तर दुसऱ्याच दिवशी यादीतून काढावा लागला, कारण ती २०१८ साली अवकाशात सोडलेली टेस्ला रोडस्टर गाडी होती.

म्हणजे कसोट्या तयार आहेत: पदार्थ कोणता आणि प्रकाशानं ढकलली किती जाते. दुसरीचं गणित आपणही करू शकतो. पृथ्वीइतक्या अंतरावर सूर्यप्रकाशाचा दाब चौरस मीटरला सुमारे ४.५ मायक्रोन्यूटन असतो. ओमुआमुआला सूर्याच्या गुरुत्वाकर्षणापलीकडे जो जास्तीचा धक्का मिळत होता, तो त्या अंतरावर सेकंदवर्गाला सुमारे ४.९ मायक्रोमीटर. नुसत्या प्रकाशानं हा धक्का द्यायचा तर वस्तूचं वजन प्रत्येक चौरस मीटरमागे किलोभराहून थोडं कमीच हवं, म्हणजे पाण्याच्या घनतेचा पदार्थ धरला तर जाडी जेमतेम एक मिलिमीटर. हार्वर्डचे खगोलशास्त्रज्ञ अवी लोब यांची ‘प्रकाशाचं शीड’ ही कल्पना इथून आली. उलट १०० मीटरचा गोल दगड घ्या, घनता पाण्याच्या दुप्पट. चौरस मीटरमागे वजन सव्वा लाख किलोच्या वर जातं आणि प्रकाशाचा धक्का लागतो त्याच्या दीड लाखावा हिस्सा उरतो. म्हणजे दगड आणि प्रकाश ही जोडी बादच.

तिसरी शक्यता उरते ती वायूची. बर्फाळ वस्तूतून वायू सुटला की तो उलट दिशेला ढकलतो. असं धूमकेतूंत नेहमीच होतं. ओमुआमुआभोवती धूळ किंवा वायू दिसला नाही, म्हणून वाद राहिला. २०२३ मध्ये बर्गनर आणि सेलिगमन या शास्त्रज्ञांनी दाखवलं की विश्वकिरणांनी बर्फात तयार झालेला आणि अडकलेला हायड्रोजन सूर्याच्या उबेनं सुटला तर तेवढा धक्का मिळू शकतो, आणि हायड्रोजन त्या वेळच्या दुर्बिणींना दिसणारच नव्हता. मिलिमीटरभर जाडीचं, गडगडत जाणारं शीड मानण्यापेक्षा हे पटण्याजोगं आहे.

जेपीएलच्या तक्त्यात असा धक्का ‘ए१’ या नावानं, खगोलीय एकक प्रति दिवसवर्ग या मापात येतो. त्याला २० नं गुणलं की मीटर प्रति सेकंदवर्ग मिळतं. यात चूक होते ती घातांकाची: दहाचा उणे सातवा घात म्हणजे किती, हे वहीत शून्यं मांडून बघा.

वायू, निकेल आणि ‘रेडिओ संदेश’

३आयच्या बाबतीत वाद लवकर मिटायला हवा होता, कारण त्याच्याभोवती वायूचं आवरण पहिल्यापासून आहे. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीला त्यात पाण्याच्या मानानं कार्बन डायऑक्साइड भरपूर दिसला, सुमारे आठपट. वेगळं आहे, पण धूमकेतूच. मग बातमी आली निकेलची: लोखंड दिसत नाही, निकेल दिसतं, म्हणजे कारखान्यातला मिश्रधातू! इथे विचारायचा प्रश्न एकच, साध्या धूमकेतूत निकेल सापडतं का? सापडतं. २०२१ मध्येच आपल्या सूर्यमालेतल्या धूमकेतूंभोवती आणि बोरिसोव्हभोवतीही, सूर्यापासून दूर थंडीत असताना, निकेलची वाफ दिसली होती.

२४ ऑक्टोबर २०२५ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या मीरकॅट रेडिओ दुर्बिणीनं ३आयकडून १६६५ आणि १६६७ मेगाहर्ट्झवर ‘काहीतरी’ टिपलं आणि त्याचे मथळे ‘रेडिओ सिग्नल’ असे झाले. त्या दोन कंपनसंख्या हायड्रॉक्सिल रेणूच्या आहेत. पाण्याचा रेणू उन्हात तुटला की तो तयार होतो. शिवाय मिळालं ते शोषण, म्हणजे मागून येणारा रेडिओ प्रकाश त्या जागी कमी पडलेला. मथळा वाचताना आधी कंपनसंख्या शोधा आणि ती एखाद्या रेणूची आहे का ते बघा. पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनं का नाही ऐकलं, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे: तिची वरची मर्यादा १४५० मेगाहर्ट्झच्या आसपास आहे, ही जोडी तिच्या टापूबाहेर पडते. घरच्या डिश अँटेनानं तर प्रयत्नच करू नका.

‘इतका योगायोग शक्यच नाही’

३आयचा कल १७५ अंश, म्हणजे कक्षा ग्रहांच्या पातळीपासून फक्त ५ अंशांवर आहे, तीही उलट्या दिशेनं. वाटेल त्या दिशेनं येणाऱ्या वस्तूसाठी ही शक्यता पाचशेत एक. गणित बरोबर आहे, निष्कर्ष नाही. बसस्टँडबाहेर उभ्या असलेल्या पहिल्याच एमएच १९ गाडीचा चार आकडी नंबर नेमका तोच असण्याची शक्यता दहा हजारात एक असते. म्हणून ती गाडी कुणी मुद्दाम आणून ठेवली असं होत नाही. आधी वस्तू बघून मग तिच्यातली विशेष गोष्ट निवडली तर प्रत्येक वस्तू अशक्यच निघते. अशा पाच-सहा शक्यता एकमेकींनी गुणून कोट्यवधीत एक असा आकडा कुणी दिला, तर त्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत का, हे विचारा. लोब आणि सहकाऱ्यांनी जुलै २०२५ च्या आपल्या निबंधातही तो बराचसा शैक्षणिक सराव असल्याचं म्हटलं होतं. व्हिडिओ बनवणारे तेवढंच वाक्य नेमकं गाळतात.

फोटोतला आकार

‘यानाचा आकार स्पष्ट दिसतोय’ म्हणणाऱ्या फोटोसाठी एक भागाकार पुरतो. १९ डिसेंबर २०२५ रोजी ३आय पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता, तेव्हाही २७ कोटी किलोमीटरवर. हबल अवकाश दुर्बिणीच्या मापानुसार त्याचा गाभा फार तर ५.६ किलोमीटरचा. आकाराला अंतरानं भागा, २,०६,२६५ नं गुणा; ०.००४ विकला येतात (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). हबलच्या एका पिक्सेलमध्ये ०.०४ विकला मावतात, म्हणजे गाभा त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा. सीस्टार एस५० सारख्या ५० मिलिमीटरच्या स्मार्ट दुर्बिणीचा पिक्सेल २.४ विकलांचा आहे. आकार दिसणं सोडाच.

मग लांबट ‘सिगार’ येतो कुठून? धूमकेतू ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सरकत असतो. समजा तो तासाला १२० विकला सरकतोय. सीस्टारमध्ये सव्वा मिनिटात एक पिक्सेल ओलांडतो. वीस मिनिटांचे फोटो तारे जुळवून एकावर एक रचले, तर डोकं सोळा-सतरा पिक्सेल लांब ओढलं जातं. धूमकेतू जुळवून रचले तर तारेच रेघा होतात आणि लोक त्यांना ‘सोबतची यानं’ म्हणतात. एकाच रात्रीचे तेच फोटो दोन्ही प्रकारे रचून दाखवले की ग्रुपवर फारसं बोलावं लागत नाही.

स्वतः बघायचं असेल तर

जेपीएलच्या हॉरायझन्स सेवेत जागा टाका: जळगावसाठी उत्तर २१.०, पूर्व ७५.६, धुळ्यासाठी २०.९ आणि ७४.८, नंदुरबारसाठी २१.४ आणि ७४.२. रकान्यांपैकी १, ३, ४, ९ आणि २० निवडा: स्थान, सरकण्याचा वेग, दिशा-उंची, तेजस्विता, अंतर. वेळ जागतिक असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. पहाटेच्या निरीक्षणात तारीखच चुकते: आपली २० तारखेची पहाट साडेचार म्हणजे तिथे १९ तारखेचे रात्री ११.

तेजस्विता ११ च्या आसपास असेल (आकडा जितका मोठा तितकी वस्तू फिकट) तर ८ इंची डॉब्सोनियन दुर्बीण लागते, आणि तिच्यातही फिकट डाग दिसतो, शेपूट नाही. क्षितिजापासून २० अंशांखाली फोटो घेऊ नका. हवेमुळे एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला निळी कड येते आणि ‘रंग बदलतोय’ अशी नवी बातमी तयार होते.

जागेबद्दल: भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राचा उजेड त्या बाजूचं आकाश खातो. तोरणमाळ चांगलं, पाल चांगलं, पाटणादेवीही. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातू चांगदेवानं १२०७ साली काढलेल्या मठाचा शिलालेख तिथलाच. पण अभयारण्यात रात्री थांबायला वनखात्याची परवानगी आधी घ्या. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. पुढे पऱ्हाटी पेटू लागली की धुराचा थर उंची वाढल्याशिवाय सुटत नाही. धाब्याच्या घरावर तिपाई ठेवू नका: माती-लाकडाचं छत पावलागणिक दबतं आणि प्रत्येक फोटोत तारे दुहेरी येतात. अंगणातली टणक जमीन बरी. केळीच्या बागेलगत थंडीत दव लवकर धरतं, तेव्हा भिंगापुढे पुठ्ठ्याचं नळकांडं लावा.

रात्री डोक्यावरून हळू सरकणारी, तुकडे-तुकडे होत जळणारी रांग दिसली तर ती आंतरतारकीय नाही. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्रावरून गेलेला जळता लोळ चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटचा टप्पा होता. त्याचं सुमारे तीन मीटरचं कडं चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात पडलं. उल्का दोन-चार सेकंदांत विझते, रॉकेटचा टप्पा मिनिटभर टिकतो, आणि आंतरतारकीय पाहुणा नुसत्या डोळ्यांना एका रात्रीत सरकताना दिसत नाही.

ग्रुपवर उत्तर देताना पूर्ण नाव, विकेंद्रता, तुम्ही काढलेला वेग आणि दाव्यातला आकडा हे चारच लिहा. वायू नसताना मिळालेला मोठा धक्का, धातूशी जुळणारा वर्णपट किंवा कोणत्याही रेणूची नसलेली अरुंद रेडिओ कंपनसंख्या यांपैकी काही पुढे आलं, आणि दोन वेगळ्या वेधशाळांनी ते मोजलं, तर मात्र व्हिडिओ पुन्हा उघडा.