कॉलेजचा फुटबॉल कोच व्हायचंय? मग आधी पोटापाण्याचं बघ

केएसएचा, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा फुटबॉल सीझन संपत आला की एक-दोन पोरं भेटतातच, "दादा, आता कोचिंगमध्ये जायचं म्हणतोय." कुणाचा गुडघा गेलेला असतो, कुणाला तालमीच्या (म्हणजे पेठेतल्या मंडळाच्या) टीमनं बाहेर बसवलेलं असतं. कारण कायबी असू दे भावा, पण कॉलेजचा कोच म्हणजे नेमकं काय हे कुणी धड सांगत नाही, आणि मग पोरगं तिशी आली तरी शिट्टी गळ्यात घालून गांधी मैदानावर उभं असतं आणि खिशात पेट्रोलचे पैसे नसतात. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिलं हे डोक्यात घे की आपल्याकडं बहुतेक कॉलेजात फुटबॉल कोच अशी पर्मनंट पोस्टच नसते. पोस्ट असते फिजिकल डायरेक्टरची, सरकारी भाषेत शारीरिक शिक्षण संचालक, आणि तो एकटा माणूस कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळं बघतो. फुटबॉलला वेगळा कोच घेतलाच तर सीझनपुरता, मानधनावर, आणि ते मानधन जिमखान्याच्या पैशातनं, म्हणजे किट आणि प्रवासातनं उरलं तर. त्यामुळं रस्ते दोन आहेत. डिग्रीच्या रस्त्यानं पगार मिळतो, लायसन्सच्या रस्त्यानं कोचिंग येतं. लोक यातला एकच धरतात आणि अडकतात. लायसन्स काढलं की कॉलेज बोलवेल असं वाटत असेल तर ते आत्ताच डोक्यातनं काढ.

डिग्रीचं सांगतो. ग्रॅज्युएशन, मग बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) २ वर्षं, मग एम.पी.एड. (त्यातलीच मास्टर्स) २ वर्षं. दोन्हीला सीईटी असते आणि त्यात मैदानावरची टेस्टपण असते, नुसता पेपर नाही. एम.पी.एड.ला किमान ५५ टक्के पाहिजेत (राखीव गटांना ५ टक्क्यांची सूट आहे) आणि त्यावर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, नाहीतर पीएच.डी. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमात अजून एक गोष्ट आहे जी पोरं विसरतात, तू स्वतः इंटरकॉलेज, युनिव्हर्सिटी किंवा स्टेट लेव्हलला खेळल्याचा पुरावा लागतो. म्हणून आत्ता खेळत असशील तर प्रत्येक सर्टिफिकेट लॅमिनेशन न करता फाईलमध्ये ठेव, शिक्का आणि सही नीट आहे का बघून घे. एवढं सगळं करून पर्मनंट लागलास तर सातव्या वेतन आयोगात सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० आहे, म्हणजे एकदम झकास. पण भरती वर्षानुवर्षं अडकून पडते, जागा रिकामी असली तरी तासिका तत्त्वावर नाहीतर मानधनावरच माणूस घेतात, हे पण लक्षात ठेव.

लायसन्सचा रस्ता त्यामानानं सरळ आहे. वय १८ पूर्ण झालं की एआयएफएफचं (देशाच्या फुटबॉल फेडरेशनचं) डी लायसन्स करता येतं, मग सी, मग बी, ए आणि सगळ्यात शेवटी प्रो. मधली पायरी सहसा गाळता येत नाही. कोर्स कुठं लागलाय ते एआयएफएफ आणि विफाच्या (आपल्या राज्याच्या फुटबॉल संघटनेच्या) साईटवर बघत राहायचं, जवळ लागेल म्हणून वाट बघत बसू नको, मुंबईत लागला तर मुंबईला जा. फीबरोबर राहण्याचा, जेवणाचा आणि बुडालेल्या रोजगाराचा खर्च पण धर. पटियाळाच्या एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कोचिंग डिप्लोमा वेगळा, सरकारी कोचच्या जाहिरातीत तो हमखास मागतात. माझं मत विचारशील तर डी लगेच कर, सी दोन-तीन वर्षं पोरं शिकवून झाल्यावर कर, नाहीतर कोर्समध्ये बोललेलं डोक्यावरनं जातं.

आता कॉलेजात शिरायचं कसं? कुणाच्या ओळखीची चिठ्ठी घेऊन जाऊ नको. सरळ फिजिकल डायरेक्टर सरांना भेट आणि म्हण, "सर, इंटरकॉलेजला टीमसोबत मॅनेजर म्हणून येतो, कागदपत्रं मी बघतो." हे ऐकून नाही म्हणणारे सर मी अजून बघितले नाहीत, कारण एलिजिबिलिटी फॉर्म, मार्कशीट, फोटो, प्रिन्सिपलची सही-शिक्का, कुणाचं वय २५ च्या वर गेलंय का हे बघणं, हे कुणालाच नको असतं. शिवाजी विद्यापीठात कोल्हापूर, सांगली, सातारा असे तीन जिल्हे येतात, म्हणजे मॅचला प्रवास असतो, आणि एसटीत १८ पोरं सांभाळणारा माणूस सरांना पुढच्या वर्षी पण आठवतो.

आणि आता खरी गोष्ट. बाहेरचा कोच इथं येऊन का फसतो माहितीये? त्याला पेठ कळत नाही. कॉलेजच्या टीममध्ये एक पोरगा पाटाकडील तालमीचा, एक शिवाजी तरुण मंडळाचा, दोन दिलबहार तालमीचे, गोलकीपर प्रॅक्टिस क्लबचा, आणि रविवारी शाहू स्टेडियमवर हीच पोरं एकमेकांच्या नडगीवर पाय ठेवून आलेली असतात. सोमवारी तू त्यांना म्हणणार, पास दे. देणार आहे व्हय तो? मी काय करतो सांगतो. प्रॅक्टिसला तालमीची जर्सी बंद, सगळे कॉलेजच्या नाहीतर साध्या टी-शर्टमध्ये. वॉर्मअपच्या जोड्या मी ठरवतो, आणि मुद्दाम आदल्या दिवशी भांडलेले दोघं एका जोडीत. मोठ्या मॅचच्या दुसऱ्या दिवशी लेक्चर नाही, टॅक्टिक्स नाही, चार-चार जणांच्या छोट्या मॅचेस, टीम मिसळून, हरलेल्यांनी सगळ्यांचं सामान उचलायचं. कॅप्टन शक्यतो अशा तालमीचा करायचा जिचं त्या वर्षी कुणाशी वाजलेलं नाही. व्हॉट्सअप ग्रुपवर तालमीचा विषय काढला की दुसऱ्या दिवशी मैदानाला पाच राउंड.

तुझी स्वतःची पेठ कुठली हे पण सगळ्यांना माहिती असतं, ते लपत नाही. आपल्याच तालमीचा पोरगा एकदा बाहेर बसवलास की बाकीची ऐकायला लागतात, फक्त मग काही महिने तालमीच्या कट्ट्यावर चहा एकट्यानं प्यावा लागतो.

तालमीच्या कोचशी भांडू नको. त्याला फोन करून विचार, पोरगा किती मिनिटं खेळला, मांडी धरलीये का. पोरगा तालमीसाठी दुखत असताना पण पळणार, तू अडवू शकत नाहीस, मग त्या आठवड्यात तुझं सेशन हलकं ठेव. कॉलेजचा सीझन छोटा असतो, त्यात हॅमस्ट्रिंग गेली की संपला.

पैशाचं काय? पहिली पाच-सात वर्षं कोचिंग हे साईडचं काम समज, मुख्य नाही. सकाळी एखाद्या शाळेची टीम, मे महिन्यात समर कॅम्प, दुपारी जे काय घरचं दुकान, जिम, नोकरी असेल ते. रेफ्रीची परीक्षा देऊन मॅच फी मिळते आणि खेळ वाचायला पण येतो, फक्त शाहू स्टेडियमच्या पब्लिकच्या शिव्या खायची तयारी पाहिजे, आणि आपलं पब्लिक त्यात हात आखडता घेत नाही. घरी लग्नाचं बघायला लागले की पाहुणे विचारतात, "मुलगा काय करतो?" "कोच आहे." "ते ठीक आहे हो, पण काम काय करतो?" ह्याला उत्तर तयार ठेव, चिडू नको.

सीझन सुरू होण्याआधी कॉलेजकडनं लेखी ऑर्डर घे, मानधनाचा आकडा टाकून. तोंडी ठरलेलं मार्चअखेरला कुणालाच आठवत नाही, हा अनुभव माझा आहे आणि माझ्या दोस्तांचा पण. सीझन संपला की लेटरहेडवर अनुभव प्रमाणपत्र, त्यावर जावक क्रमांक आणि तारीख पाहिजेच, पुढं इंटरव्ह्यूला जावक क्रमांक नसलेला कागद बाजूला ठेवतात.

आणि स्वतः पळणं सोडू नको. फिजिकल डायरेक्टरच्या निवडीत फिटनेस टेस्ट असते, १२ मिनिटांत पुरुषांना तिशीपर्यंत १८०० मीटर, चाळिशीपर्यंत १५०० मीटर, बायकांना ८ मिनिटांत तिशीपर्यंत १००० आणि चाळिशीपर्यंत ८००. आकडे सोपे वाटतात, पण जाहिरात निघेपर्यंत तुझं वय किती झालेलं असेल आणि रात्रीचा तांबडा-पांढरा किती झालेला असेल ते बघ, आणि रंकाळ्याला आठवड्यातनं तीनदा तरी जात जा.