दुभत्या जनावरांना मेथी, शेपा, अळीव देताना या चुका टाळा

नागपूर परिसरातील अनेक गोठ्यांत दूध वाढावे म्हणून मेथी, शेपा (शेपूचे बी), अळीव असे बी, विशेषतः मेथी, चारण्यास सुरुवात होते ती पहिला पाऊस पडल्यावर, आणि पंधरवड्यात दूध वाढले की त्याचे श्रेय मेथीला मिळते. वास्तविक याच दिवसांत ४५ अंशांपर्यंत चढलेला पारा उतरलेला असतो, बांधावर हिरवा चारा आलेला असतो आणि उन्हाने खाणे कमी केलेले जनावर पुन्हा पोटभर खाऊ लागलेले असते. नुकतीच व्यालेली गाय तर पहिले पाच-सहा आठवडे एरवीही चढत्या दुधावर असते. म्हणून मोजमाप न करता बी सुरू करणे, ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे. आधी दहा दिवस प्रत्येक धारेचे दूध तोलून लिहावे, या काळात सरकीची ढेप, तुरीची चुनी किंवा कुटार (भुसा) यांपैकी काहीही बदलू नये, आणि शक्य असल्यास त्याच सुमारास व्यालेली दुसरी गाय बियांविना ठेवून दोघींची तुलना करावी.

मेथीचा दाणा कठीण असतो. अख्खा दिल्यास बरेच दाणे तसेच बाहेर पडतात, शेण पाण्यात धुतले की ते दिसतात. भरडून किंवा रात्रभर भिजवून द्यावेत. कडवटपणामुळे जनावर खुराकच टाकते, तेव्हा १५ ग्रॅमपासून सुरुवात करून आठवडाभरात ५० ग्रॅमपर्यंत जावे. मेथीचा वास दुधाला लागू शकतो, म्हणून ती धार काढल्यानंतर द्यावी.

पेरणीतून उरलेले बियाणे मात्र कधीही चारू नये. त्याला थायरमसारखे बुरशीनाशक लावलेले असते आणि धुतल्याने ते पूर्ण जात नाही. पावसाळ्यात भरडून ठेवलेले बी दमट होऊन बुरशी धरते. त्यातील अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष दुधात उतरते, आणि दुधासाठी त्याची कायदेशीर मर्यादा किलोमागे अवघी ०.५ मायक्रोग्रॅम आहे. थोडे थोडेच भरडावे.

गाभण जनावराला पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय मेथी देऊ नये. दूध एकाएकी घटले, सड गरम लागला किंवा दुधात गुठळ्या दिसल्या, तर तो कासदाह (कासेची सूज) असू शकतो; तेव्हा बियांवर दोन दिवस घालवण्याऐवजी त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे.