समुद्रकाकडी कशी पाहावी

ओहोटीला उथळ पाण्यात उतरलात की आधी प्राणी शोधू नका, वाळू बघा. जाड शेवयांसारखे वाळूचे तुकडे पडलेले दिसले की समजा, समुद्रकाकडी, म्हणजे काकडीसारखा लांबट, मऊ समुद्री प्राणी, जवळच आहे. तिच्या पोटातून निघालेली ती वाळू. त्यातलं खाद्य तिने वेचून घेतलेलं असतं.

सापडली की तोंड ओळखा. तिथे छोट्या सोंडांचं कडं असतं. सोंडा आळीपाळीने वाळू उचलून तोंडात घालतात.

मी मात्र दुसऱ्याच टोकाशी रेंगाळते. गुदद्वार हळूच उघडतं, मिटतं, पुन्हा उघडतं. ती श्वास घेत असते! पाणी आत ओढून शरीरातल्या श्वसनवृक्षात, म्हणजे झाडासारख्या फांद्या असलेल्या श्वसनाच्या अवयवात, भरते. काही जातींत याच वाटेने पर्लफिश हा सडपातळ मासा आत शिरतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो.

तारामाशाची ही नातलग, त्यामुळे पोटाखाली बहुधा नलिकापादांच्या, म्हणजे नळीसारख्या इवल्या पायांच्या, ओळीही असतात. पण त्या बघायला तिला उलटी करू नका. हातही लावू नका. बिथरली तर काही जाती चिकट धागे सोडतात, काही चक्क आतडी बाहेर टाकतात. ती पुन्हा वाढतात, पण त्याला काही आठवडे लागतात. फोटोसाठी तिला पाण्याबाहेर काढणं मला अजिबात पटत नाही.