ग्रुपात आयपीएलची प्रेडिक्शन लीग चालवायचीये? पहिल्या बॉलच्या आधी एवढं ठरवून टाका

आयपीएलचा सीझन तोंडावर आला की प्रत्येक ऑफिसात, सोसायटीत कुणीतरी म्हणतंच, चला यंदा आपली प्रेडिक्शन लीग काढू, म्हणजे प्रत्येक मॅच कोण जिंकणार ते आधी सांगायचं आणि बरोबर आलं की पॉइंट. पहिला आठवडा जोरात जातो, दुसऱ्या आठवड्यात एक राडा होतो आणि तिसऱ्यात ग्रुप म्यूट. मी चार सीझन आमच्या चौदा जणांच्या ग्रुपची शीट सांभाळतोय, त्यामुळे सांगतो, भांडणं क्रिकेटवरून होतच नाहीत, ती होतात "हे आधी कुठे ठरलं होतं?" यावरून. म्हणून नियम आधी लिहा, ग्रुपात पिन करा, आणि मगच पहिली मॅच.

पैसे ठेवू नका, हे सगळ्यात आधी. ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा आला, तेव्हापासून ते फॅन्टसी ॲपवालं प्रकरण तसंही गुंडाळल्यातच जमा आहे. पण कायदा राहू दे बाजूला, शंभर रुपये जरी लावले तरी माणसाचा आवाज बदलतो हो. आमच्याकडे शेवटून पहिला येणारा सगळ्यांना वडापाव आणि कटिंग देतो, बास. आणि मजा अशी की पहिला येण्यापेक्षा शेवटचा न येण्यासाठीच लोक जास्त जीव काढतात.

आता मत कधी बंद करायचं. टॉसच्या आधी, म्हणजे संध्याकाळची मॅच असेल तर सातला आणि दुपारची असेल तर तीनला. "साडेसातला पहिला बॉल पडेपर्यंत चालेल" असली सूट द्यायची नाही, कारण दव पडणाऱ्या ग्राउंडवर नंतर बॉलिंग करणाऱ्यांचा बॉल ओला होऊन हातातून सुटतो, तिथे टॉस कळला की अर्धी मॅच कळल्यासारखी असते, आणि जो मीटिंगमध्ये अडकलेला असतो तो बिचारा आंधळेपणाने मत देतो तर दुसरा टॉस बघून. व्हॉट्सॲपचा पोल वापरत असाल तर एक लक्षात ठेवा, पोलमध्ये मत नंतर बदलता येतं. आमच्यातल्या एका पठ्ठ्याने पॉवरप्लेमध्ये, म्हणजे पहिल्या सहा ओव्हरमध्येच, तीन विकेट पडल्यावर गुपचूप मत फिरवलं होतं, दुसऱ्या दिवशी वर "मी तर आधीपासून हेच म्हणत होतो" म्हणून छाती काढून फिरतोय. तेव्हापासून बरोबर 6:59 ला पोलचा स्क्रीनशॉट ग्रुपात पडतो, कुणी कुणाला मत दिलं ती नावं उघडून काढलेला, नुसता आकडा नाही. स्क्रीनशॉटमध्ये जे आहे तेच खरं, नंतर रडीचा डाव चालणार नाही.

पोलला नाव देताना तारीख लिहू नका, मॅच नंबर लिहा. उगाच नाही सांगत. 2023 ची फायनल 28 मेला होती, पावसाने त्या दिवशी टॉससुद्धा झाला नाही, मॅच 29 ला सुरू झाली आणि चेन्नईच्या जडेजाने शेवटच्या दोन बॉलमध्ये दहा रन काढून संपवली तेव्हा कॅलेंडरवर 30 तारीख लागली होती. तारखेने शीट लिहिणाऱ्याने काय करायचं सांगा?

पॉइंट साधे ठेवा. बरोबर टीम सांगितली की 2, चुकली की 0, मॅच धुतली गेली की मत दिलेल्या सगळ्यांना 1, म्हणजे खऱ्या टेबलसारखंच. पण एवढंच ठेवलंत तर महिन्याभरात लीग मरते, कारण सगळे जण फॉर्मातल्या टीमलाच मत देतात आणि टेबल गोठून जातं. म्हणून एक जादा नियम घाला, जिंकलेल्या टीमला ग्रुपातल्या तिघांनी किंवा कमी जणांनी मत दिलं असेल तर त्यांना 1 जास्त. ह्या एका पॉइंटने आमच्या ग्रुपात जान आली, लोक शेड्यूल वाचायला लागले, कोण सलग बाहेर खेळतंय, कुणाला तीन दिवसांत दोन मॅच आहेत, असलं सगळं.

आता खरी भांडणाची ठिकाणं.

टाय झाली तर सुपर ओव्हर, म्हणजे दोघांना एकेक जादा ओव्हर, ती जिंकेल तो विजेता. हे सरळ वाटतं, पण 16 एप्रिल 2025 ला दिल्ली आणि राजस्थान दोघांचे 188 झाले, सुपर ओव्हर दिल्लीने मारली, आणि आमच्याकडे राजस्थानला मत दिलेले पाच जण "टाय म्हणजे टाय, एकेक पॉइंट द्या" म्हणून रात्री साडेबारापर्यंत बसले होते. लिहून ठेवलेलं नव्हतं. शेवटी दिला एकेक, अजून सलतंय मला.

डकवर्थ लुईसने, म्हणजे पावसाने ओव्हर कमी झाल्यावर टार्गेट बदलून, लागलेला निकाल हा निकालच, त्यात चर्चा नाही.

अर्धवट सोडलेली मॅच परत खेळवली तर? कुणी म्हणेल असं कुठे होतं, तर झालंय. 8 मे 2025 ला धरमशालाला पंजाब-दिल्ली मॅच 10.1 ओव्हरवर थांबवली, पंजाब 122 ला 1, मग आठवडाभर अख्खी स्पर्धाच थांबली, आणि ती मॅच 24 मेला जयपूरला पहिल्यापासून खेळवली, जिंकली दिल्लीने. पंजाबवाले पहिल्या दिवशी नाचत होते. आमचा नियम आता असा की परत खेळवली तर मतही परत, जुनं मत रद्द.

मॅन ऑफ द मॅच पण विचारत असाल तर इम्पॅक्ट प्लेयरचं आधीच स्पष्ट करा. 2023 पासून हा नियम आहे, टॉसला अकरा नावं आणि वर पाच राखीव देतात, त्या पाचातला एक नंतर येऊ शकतो. 2025 मध्ये रोहित कितीतरी वेळा राखीवमध्ये असायचा आणि बॅटिंगला यायचा. त्यामुळे "टॉसच्या अकरात नाही म्हणजे मत बाद" असं करू नका. बाकी मॅन ऑफ द मॅच मला स्वतःला फारसं आवडत नाही, लॉटरी आहे ती, फक्त शनिवार-रविवारी ठेवा.

मत द्यायला विसरला त्याचं काय? शून्य दिलं की दोन-तीनदा विसरलेला माणूस ग्रुप सोडतो. आम्ही असं करतो, शेड्यूलमध्ये जिचं नाव पहिलं ती टीम त्याच्या नावावर लावायची, पण सीझनमध्ये फक्त पाच वेळा. नंतर शून्य.

सीझनच्या आधी एक मोठा फॉर्म ठेवा, हा भाग मला सगळ्यात आवडतो. प्लेऑफच्या, म्हणजे लीग संपल्यावर पुढे जाणाऱ्या, चार टीम, प्रत्येक बरोबर टीमला 5 पॉइंट. चॅम्पियनला 10. ऑरेंज कॅप (सीझनमध्ये सगळ्यात जास्त रन) कुणाची, पर्पल (सगळ्यात जास्त विकेट) कोणाची, 5-5. आणि तळाला कोण राहणार, तेही 5. भरायच्या आधी सगळ्यांना नवीन टीमशीट पाठवा, नाहीतर जुन्या डोक्याने भरतात. 2026 साठी संजू सॅमसन चेन्नईत गेलाय, जडेजा परत राजस्थानला, कॅमेरन ग्रीनला कोलकात्याने 25.20 कोटींना घेतलंय, आणि तरी आमच्यातला एकजण परवा "चेन्नईला जडेजा आहे ना" म्हणून बिनधास्त बसला होता. नावावर जाऊ नका म्हणून एवढंच बघा, पंजाब 2024 ला नववे होते, 2025 ला लीगमध्ये टेबल टॉपर. कोलकाता 2024 चे चॅम्पियन, पुढच्याच वर्षी आठवे. मुंबई 2024 ला शेवटची, 2025 ला प्लेऑफमध्ये, आणि चेन्नई 2025 ला पहिल्यांदाच तळाला. त्या वर्षी तळाला चेन्नई लिहिणारा आमच्याकडे एकच होता आणि तो मुंबईचा कट्टर फॅन, खुन्नसने लिहिलं होतं त्याने, पण पॉइंट ते पॉइंट.

प्लेऑफच्या मॅचना डबल पॉइंट द्या, चारच मॅच असतात पण मागे राहिलेल्यांना आशा राहते. तिप्पट नको, तिप्पट केलं की दोन महिने अभ्यास करणारा येडा ठरतो.

शेवटी दोघांचे पॉइंट सारखे झाले तर? ह्यासाठी त्या मोठ्या फॉर्ममध्येच एक आकड्याचा प्रश्न टाका, ऑरेंज कॅपवाल्याचे एकूण रन किती होतील. जवळचा जिंकतो. अंदाजासाठी, 2023 ला गिलचे 890 होते, 2024 ला कोहलीचे 741, 2025 ला साई सुदर्शनचे 759. लोक कोहलीचे 2016 चे 973 आठवून नऊशेच्या वर आकडे टाकतात आणि फसतात. मी यंदा 748 टाकलाय, आणि हो, शीट सांभाळणाऱ्याने स्वतःचा फॉर्म सगळ्यात आधी ग्रुपात टाकायचा, बाकीच्यांचे बघून नाही.