हवेच्या तापमानाचा सेन्सर दुपारी तपासू नका

एप्रिल लागला की सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या माझ्या शेडात लोक मोबाइल पुढं करत येतात. "अण्णा, मायलेज पडलंय. ॲपमध्ये इनटेक एअर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा, ६२ अंश दाखवतंय. सेन्सर गेला." बाहेर ४२ असताना सात रस्त्याच्या सिग्नलला उभ्या गाडीच्या बॉनेटखाली ६२ होणारच की ओ! त्यात सेन्सरचा काय दोष?

गाडी रात्रभर उभी ठेवा आणि ऊन चढायच्या आत बघा. चावी ऑन करा, स्टार्टर मारू नका. ओबीडीला, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला, मोबाइलवर आकडे दाखवणारं डोंगल लावा आणि इनटेक एअर आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी), हे दोनच आकडे वाचा. रात्रीत इंजिन बाहेरच्या हवेइतकं निवतं, म्हणून दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. तीन-चार अंशांचा फरक चालतो. जुळत असतील तर मायलेज का पडलं ते दुसरीकडं शोधा. एअर फिल्टर उघडलात तरी पुष्कळदा उत्तर मिळतं.

उणे ४० दिसलं तर सर्किट तुटलंय, ॲपमध्ये बिघाडाचा कोड बहुधा पी०११३. एकदम १३०-१४० दिसलं तर शॉर्ट, पी०११२. हे दोन्ही सोपे. त्रास देतो तो कोड न टाकता खोटं बोलणारा सेन्सर. आतला थर्मिस्टर, म्हणजे तापमान ओळखणारा तुकडा, गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) उतरतो, थंड झाला की चढतो. कनेक्टरच्या पिनेवर हिरवा गंज धरला तर रेझिस्टन्स वाढतो आणि ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, हवा आहे त्यापेक्षा थंड वाटते. मग तो पेट्रोल जास्त सोडतो. वॉशिंग सेंटरवर बॉनेट उघडून प्रेशरनं पाणी मारून घेणाऱ्यांच्या गाडीत हे हमखास.

म्हणून पैसे मोजायच्या आधी प्लग काढा. दोन पिनांचा सेन्सर असेल तर प्लग काढल्यावर आकडा उणे ४० वर पडला पाहिजे. मग प्लगच्या दोन्ही पिना तारेच्या तुकड्यानं जोडा. आकडा एकदम वर गेला तर ईसीयू आणि वायरिंग ठीक, दोष सेन्सरमध्ये. नाही गेला, तर तार शोधा. उंदरानं कुरतडलेली नाही ना, ते आधी बघा. नव्या गाड्यांत हा सेन्सर मॅपमध्येच, म्हणजे इनटेकचा दाब मोजणाऱ्या सेन्सरमध्येच, असतो, चार पिनांचा. तिथं तारेचा खेळ करू नका, चुकून पाच व्होल्टची पिन अर्थला लागायची. डायग्राम असेल तरच हात घाला.

सुट्या सेन्सरला मल्टीमीटर लावा. बऱ्याच गाड्यांत २०-२५ अंशाला दोन ते अडीच हजार ओहम येतात. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलचा धरा. केस वाळवायच्या ड्रायरची हवा दिल्यावर ओहम सलग उतरत जायला हवेत. मध्येच अडखळले किंवा उडी मारली तर खुशाल बदला.

खात्री वाटेना तर बाळे गावाच्या पुढं पुणे हायवेला गाडी काढा. एका लयीत चालवल्यावर आकडा बाहेरच्या हवेकडं उतरतो. एकाच जागी गोठून बसला तर सेन्सर मेलाय.

डिझेलमध्ये बहुतेक हा एअर फ्लो सेन्सरच्या, म्हणजे आत जाणारी हवा किती ते मोजणाऱ्या सेन्सरच्या, आत असतो. तो धुवायला त्याचाच स्प्रे आणा. कार्ब्युरेटर धुवायचा कार्ब क्लीनर मारला की आतली बारीक तार जाते, आणि ती वस्तू स्वस्तात येत नाही, मालक.